मी धोटा विसरलो नव्हतो

आमच्या विणकर सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं झाली. त्यानिमित्त स्मरणिका निघणार आहे. सेक्रेटरी भैय्याजी घरी आले, खाटेवर टेकले आणि म्हणाले, "नत्थूजी, रुपरावजीवर दोन पानं तुमी लेहा. तुमच्याइतकं जवळून त्यायले कोणं पायलं?"

मी नाही म्हटलं. मी आजवर पत्रांशिवाय काही लिहिलेलं नाही, आणि पत्रंही चार ओळींच्या वर गेली नाहीत. भैय्याजी हसत म्हणाले, "काही नाई, तो धोट्याचा किस्सा लेहून द्या ना. लोक हसतीन."

त्या किश्शासाठीच मी लिहायला बसलो आहे. पण तो जसा सांगतात तसा नाही.

रुपराव आणि मी नागपूरच्या तांडापेठेत एकाच गल्लीत, एकाच साली जन्मलो. त्याचं घर आमच्या भिंतीला लागून. त्याचा माग भिंतीपलीकडे, माझा अलीकडे. एकाच्या मागाचा खटखटाट दुसऱ्याला घरात बसून ऐकू येई. दोघंही बाराव्या वर्षी मागावर बसलो. लहानपणी सगळे म्हणत की नत्थूचा हात रुपरावपेक्षा चांगला आहे. हे मी सांगू नये, पण दुसरं कोणी आता सांगायला उरलं नाही. माझ्या साडीचा काठ सरळ येई. त्याच्या काठाला कुठे ना कुठे लाट असायची. तो मात्र ती साडी अशी उलगडून दाखवायचा की बघणाऱ्याचं लक्ष लाटेकडे जातच नसे.

छप्पन साली सोसायटी सुरू झाली आणि त्याच हिवाळ्यात दिल्लीच्या प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. अध्यक्ष महादेवरावजींनी सभेत विचारलं, "माल घेऊन कोण जाते?" मला जायचं होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि उमरेडच्या सासुरवाडीपलीकडे काही पाहिलं नव्हतं. आगगाडीत मी एकदाच बसलो होतो, रामटेकला जाताना. मी घसा साफ केला. तेवढ्यात रुपरावचा हात वर गेला होता.

धोट्याच्या त्या किश्शापर्यंत अठरा वर्षं तोच जात राहिला. दिल्ली, कलकत्ता, लखनौ, हैदराबाद, मद्रास. वर्षाला एक फेरी, कधी दोन. आणि माल बांधायचं काम माझ्याकडे आलं. त्याचंही कारण हेच, की माझा हात चांगला.

बांधणी म्हणजे साधं काम नाही. साडीची घडी अशी घालायची की काठावर काठ बसला पाहिजे आणि पदर आतल्या बाजूला राहिला पाहिजे. प्रत्येक सहा साड्यांमागे कडुलिंबाचा वाळलेला पाला. वर जुनं धोतर, त्यावर मेणकापड, त्यावर गोणपाट. गाठ अशी की हमालानं आपटलं तरी सुटू नये आणि रुपरावनं एका हातानं ओढली तर सुटावी. मालानंतर त्याचं स्वतःचं सामानही मीच लावू लागलो. सीताबर्डीच्या बाजारातून त्यानं एक हिरवा होल्डॉल आणला होता. त्यात सतरंजी, उशी, दोन धोतरं, दाढीचं सामान, जवसाच्या चटणीचा डबा, हॉटेलवाल्याला द्यायची संत्री. यादी मी कधी केली नाही. सगळं डोक्यात असायचं. अठरा वर्षांत त्याची सुईसुद्धा मागे राहिली नाही. गाड्यांच्या वेळाही मला पाठ होत्या, त्याला नव्हत्या. कुठे गाडी बदलायची, कुठल्या स्टेशनावर पाणी चांगलं मिळतं, हे मी ऐकून ऐकून त्यालाच सांगायचो.

निघायच्या दिवशी अर्धी गल्ली जमायची. पुष्पलतावहिनी, म्हणजे रुपरावची बायको, त्याला ओवाळायची. तो सायकलरिक्षात बसून हात हलवायचा. मी रिक्षात गाठोडी चढवून द्यायचो आणि घरी येऊन माझ्या मागावर बसायचो. त्या दिवशी माझ्या हातून सूत जास्त तुटायचं.

परत आला की आठ दिवस पानठेल्यावर तोच बोलायचा. लखनौच्या हॉटेलात पलंगाला मच्छरदानी होती, "अशी, जशी राजाले असते!" कलकत्त्याच्या हॉटेलात भिंतीला बटण होतं, ते दाबलं की माणूस हजर. हैदराबादच्या हॉटेलात दोन दिवस पाणी आलं नाही, तर मालकानं माफी मागून बिर्याणी पाठवली. एकदा बिलासपूरच्या अलीकडे गाडी नऊ तास उभी राहिली, तर त्यानं डब्यातल्या बायांना खिडकीशी बसून तीन साड्या विकल्या. त्याच्यावर अडचण आली तरी त्यातून गोष्ट निघायची. माझं सगळं सुरळीत चालायचं आणि त्यातून काहीच निघत नसे. मला त्याच्या अडचणींचासुद्धा हेवा वाटे.

आणि साबण. प्रत्येक हॉटेलातून तो कागदात गुंडाळलेल्या लहान लहान वड्या आणायचा आणि गल्लीतल्या बायांना वाटायचा. माझ्या बायकोला, गोपिकाला, न चुकता एक मिळायची. ती त्या वापरत नसे. लुगड्यांच्या पेटीत ठेवायची. सणावाराला पेटीतलं लुगडं नेसून ती माझ्या शेजारून गेली की हॉटेलाचा वास यायचा. मी न पाहिलेल्या हॉटेलाचा. एकदा ती माहेरी असताना मी त्यातली एक वडी काढून त्या साबणानं आंघोळ करणार होतो. कागद उघडला, वास घेतला, आणि परत तसाच दुमडला.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात दिल्लीहून पत्र आलं. या वेळी नुसता माल नको होता. लोकांसमोर प्रत्यक्ष विणून दाखवणारा विणकर हवा होता. माग तिथे उभा करून मिळणार, उभ्या सुताचा ताणा, सूत ठोकायची फणी आणि धोटा आपण न्यायचा. स्मरणिका बाहेरचेही वाचतील म्हणून सांगतो: धोटा म्हणजे आडवं सूत पोटात घेऊन मागातून इकडून तिकडे पळणारी लाकडी होडीसारखी वस्तू.

मला वाटलं, आता माझंच नाव निघणार. मी सभेला धुतलेलं धोतर नेसून गेलो. महादेवरावजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. पण रुपराव म्हणाला, "मी जातोच हाये तं मीच विणून दाखवतो. दोन माणसं कायले?" सगळ्यांना पटलं. मलाही पटल्यासारखं मी मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला आणि भर सभेत म्हणाला, "नत्थू, फक्त तुहा धोटा दे गा. त्याच्यासारखा कोणाचा सरकत नाई."

आमच्यात कोणी आपला धोटा दुसऱ्याला देत नाही. तशी काही शपथ नाही, पण देत नाही. तो एका हाताला सरावतो. दुसऱ्याच्या हाताखाली गेला की परत पहिल्यासारखा चालत नाही असं आम्ही मानतो. माझा धोटा माझ्या वडिलांचा होता, शिसवी, दोन्ही टोकांना शिंग बसवलेला. रुपरावला हे सगळं माहीत होतं. पण चाळीस माणसांसमोर मला नाही म्हणता आलं नाही.

त्या रात्रीपासून निघायच्या दिवसापर्यंत मी दुसरं काही केलं असेल तर आठवत नाही. माझ्या साड्या तो दाखवतो, ठीक. माझ्या गाठी तो सोडतो, तेही ठीक. आता माझ्या बापाच्या धोट्यावर त्याचा हात.

मी माल बांधला. होल्डॉल भरला. ताणा, फणी, सुताच्या कांड्या, सगळं ठेवलं. धोटा हातात घेतला, तेल लावून पुसला, आणि माझ्या मागाच्या खड्ड्यात, जिथे पाय सोडून बसतो तिथे, मातीच्या कोनाड्यात ठेवला. गाठ मारली. रुपराव रिक्षात बसला. म्हणाला, "सगळं ठेवलं ना गा?" मी म्हटलं, "हाव."

माझ्या मनात फार मोठं काही नव्हतं. प्रदर्शनात सगळ्या देशाचे विणकर येतात. कोणाचा तरी धोटा मागून तो काम भागवेल. फक्त त्याला मागावा लागेल. चारचौघांत, मान खाली घालून, एकदा तरी. एवढंच मला हवं होतं.

संध्याकाळी गोपिका झाडायला आली आणि तिला कोनाड्यात धोटा दिसला.

"हा इथं काहून?"

"राहून गेला," मी म्हटलं.

माझ्याकडे पाहत ती "हाव" म्हणाली. मग धोटा होता तिथेच ठेवून पुढे झाडू लागली.

चौथ्या दिवशी तार आली. नत्थूचा धोटा मिळाला नाही. नत्थूला धोट्यासह ताबडतोब पाठवा.

महादेवरावजी तार घेऊन स्वतः घरी आले. "नत्थू, तू इसरला? तू?" मी जमिनीकडे पाहत उभा राहिलो. ते म्हणाले, "चाल, होते कधी कधी. आता निघ लवकर." नुसता धोटा पार्सलानं मागवता आला असता. मलाच का बोलावलं? त्याला कळलं असणार. दिल्लीत सगळ्यांसमोर विचारायला बोलावतो आहे.

दुसऱ्याची तयारी मी अर्ध्या तासात करत असे. स्वतःची एक कापडी पिशवी भरायला मला अडीच तास लागले. जे ठेवीन ते जास्त वाटे, जे काढीन ते लागेल असं वाटे. गोपिकानं दशम्या बांधून दिल्या. ओवाळायला कोणी आलं नाही. दारादारातून बघत होते आणि एकमेकांना सांगत होते, इसरला म्हणते बाप्पा. मी धोटा शर्टाच्या आत, पोटाशी धरून गाडीत बसलो आणि दिल्लीपर्यंत खिडकीबाहेर काय होतं ते मला माहीत नाही.

रुपराव स्टेशनावर आला होता. मला पाहून तो धावत आला, पिशवी हातातून घेतली आणि म्हणाला, "आला गा बाप्पा तू! चाल, लोक थांबून हायेत." विचारलं काहीच नाही. मला मागावर बसवलं आणि स्वतः शेजारी उभा राहून लोकांना सांगू लागला, हे आमचे नत्थूजी, यांच्यासारखा हात सगळ्या विदर्भात नाही. मी पाच दिवस विणत होतो. माणसं गोल करून उभी राहायची. मी मान वर केली नाही. पण काठ सरळ आला, ते मला वर न बघता कळत होतं.

हॉटेल मात्र मला मिळालं नाही. हॉटेलची खोली रुपरावच्या नावावर, एकाची. आम्ही विणणारे मंडपामागच्या तंबूत झोपायचो. तिथे मद्रासकडचे, बनारसचे, बंगालचे विणकर होते आणि प्रत्येकाकडे दोन-दोन तीन-तीन धोटे होते. मी एकाचा हातात घेऊन पाहिला. आमच्या मागावर तो सहज चालला असता. मग मला कशाला बोलावलं? हा प्रश्न रोज मोठा होत होता. सकाळी रुपराव हॉटेलातून दाढी करून, साबणाचा वास घेऊन यायचा, आणि मी दिल्लीत येऊनही त्याच्याकडे नागपुरातून बघावं तसाच बघायचो.

सात मेला संध्याकाळी आम्ही परतीच्या गाडीत बसलो. आठ तारखेला सकाळी गाडी भोपाळला थांबली ती थांबलीच. रेल्वेचा संप सुरू झाला होता. फलाटावर माणसं सामानावर बसून होती. कोणी म्हणे दुपारी सुटेल, कोणी म्हणे महिनाभर नाही. मी घाबरून गेलो. रुपराव चौकशी करून आला, हसतच.

"चाल गा नत्थू. तुह्या नशिबात हॉटेल होतं."

स्टेशनासमोरच्या गल्लीत एक दुमजली हॉटेल होतं. संपानं अडकलेल्यांनी ते भरलं होतं. एकच खोली शिल्लक, एका खाटेची. मॅनेजरनं वही पुढे केली. रुपरावनं दोघांची नावं लिहिली आणि धंद्याच्या रकान्यात दोघांपुढेही 'विणकर' लिहिलं. दरवर्षी तो पानठेल्यावर सांगायचा की हॉटेलच्या वहीत मी 'व्यापारी' लिहितो.

खोलीत लोखंडी खाट, तिच्यावर पांढरी कडक चादर, एक वेताची खुर्ची, एक पंखा. न्हाणीत नळ. मे महिन्यात त्याला आपोआप गरम पाणी यायचं. काचेच्या बशीत साबणाची वडी, कागदासकट. मी दारातच उभा राहून सगळं पाहून घेतलं. अठरा वर्षं जे ऐकलं ते हेच होतं तर.

रुपरावनं होल्डॉल सोडला आणि सतरंजी जमिनीवर अंथरली.

"खाटेवर तू झोप," तो म्हणाला.

"अन तू?"

"मी कधी झोपलो गा खाटेवर?"

"म्हणजे?"

"अबे चादर पाय ना. खळ दिलेली हाये. कडक. त्याच्यावर आंग टाकाले मन होते का?"

मला लगेच समजलं. बाहेरच्यांना समजणार नाही म्हणून सांगतो. विणकराच्या घरात खळीचं कडक कापड म्हणजे विकायचा माल. त्यावर बसलं की लहानपणी पाठीत धपाटा मिळायचा. घरात वापरायचं ते चुकलेलं, फाटलेलं, धुऊन मऊ झालेलं. आम्ही दुसऱ्याच्या अंगाला कोरं कापड घातलं, स्वतः त्यावर कधी लोळलो नाही.

"अठरा वर्षं?" मी विचारलं.

"अठरा वर्षं. सकाळी चादर थोडी चुरगाळून ठेवतो. नाईतर तो झाडूवाला काय म्हणीन?"

"अन ते लखनौची मच्छरदानी? राजासारखी?"

"पायली ना मी," रुपराव म्हणाला. "खालून."

मला हसू आलं, आणि रागही आला. मी अठरा वर्षं ज्या पलंगांचा हेवा केला त्यांवर कोणी झोपलंच नव्हतं. खाटेवर मलाही आडवं होता आलं नाही. खाट मध्ये रिकामी, आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना जमिनीवर, असे तीन दिवस काढले.

रुपराव रोज दुपारी स्टेशनावर गाडीची खबर काढायला जायचा. परत येईपर्यंत त्याच्या चार ओळखी झालेल्या असायच्या. हॉटेलात अडकलेल्या सगळ्यांना तो नावानं ओळखू लागला. मॅनेजर त्याला आतून चहा पाठवायचा. मी खोलीत बसून राहायचो. तिसऱ्या दिवशी तो गेल्यावर मी दार लावलं आणि खाटेवर निजलो. चादर गिरणीची होती, सूत जाड, विण उघडी. हात अंगाशी घट्ट धरून मी पंख्याकडे बघत पडलो. पंधरा मिनिटं झाली असतील. मग उठून तळहातानं सुरकुत्या काढल्या. हॉटेलात झोपणं ते एवढंच.

हातांना काही काम हवं म्हणून मी होल्डॉल नीट लावायला घेतला. बाजूच्या खणात जुन्या धोतराच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं लागलं. ते मी ठेवलेलं नव्हतं. उघडलं तर धोटा. रुपरावचा स्वतःचा.

मी तो मांडीवर घेऊन बसलो. म्हणजे त्याच्याकडे धोटा होता. पहिल्यापासून. मग तार कशाला? आता मला खात्री झाली की त्याला सगळं माहीत आहे आणि तो माझी मजा बघतो आहे.

रुपराव आला, मांडीवरचा धोटा पाहिला आणि दार लोटून घेतलं. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"पायला तूनं," तो म्हणाला. खुर्चीत बसला. मग म्हणाला, "कोणाले सांगू नको गा. माहा हात गेला."

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी सरावाले म्हणून हाच माहा धोटा घेऊन बसलो मागावर. लोक उभे. चार बोटं विणलं अन सूत तुटलं. जोडलं. पुन्हा तुटलं. अठरा वर्षं नुसतं बोलून राहिलो, विणलं कुठं मी? काठ असा वाकडा, की तो मद्रासी बुढा दुसरीकडे पाहाले लागला, माही लाज राखाले. मंग म्हटलं, धोटा बरोबर नाई, चांगला धोटा घरी राह्यला. गाठोडं पायलं तं खरंच तुहा धोटा नाई. मले वाटलं देवच पावला. लगेच तार केली." त्यानं माझा हात धरला. "तू इसरला म्हणून माही इज्जत राह्यली, नत्थू. तुहे उपकार कसे फेडू सांग."

मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकेन की नाही, माहीत नाही. त्याला एकदा मान खाली घालायला लावायची म्हणून मी धोटा ठेवला. त्याची मान खाली गेली होती, माझ्या धोट्याशिवायच. आणि मी जे केलं त्यानं ती वर आली. मी त्याचं वाईटसुद्धा धड करू शकलो नव्हतो.

"मी इसरलो नोतो," मी म्हटलं.

"काय?"

"मुद्दाम ठेवला होता. खड्ड्यातल्या कोनाड्यात. तुले द्याचा नोता."

रुपरावनं माझ्याकडे पाहिलं. मग तो हसू लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तू? मुद्दाम? अबे, किराणावाला तुले कमी तोलून देते तं तूच त्याले म्हणते, राहू द्या! तू काय मुद्दाम ठेवशीन! इसरलो म्हणाची लाज वाटते काय? अठरा वर्षांत एक डाव इसरला तं काय झालं गा?"

"खरंच सांगतो, रुपराव."

"हाव हाव. चाल, चहा पिऊ. लय मोठा बदमाश हायेस तू."

चौथ्या दिवशी आम्ही एसटीनं, बैतूलला बस बदलून, धुळीत माखून नागपूरला आलो. निघताना मी काचेच्या बशीतली साबणाची वडी खिशात टाकली. रुपरावनं पाहिलं आणि डोळा घातला.

त्या रात्रीच पानठेल्यावर गोष्ट तयार होती. नत्थूजी धोटा विसरले, म्हणून दिल्ली पाहून आले, संप झाला म्हणून हॉटेलात राहून आले. भोपाळचे तीन दिवस मी काढले होते, पण त्याच्या तोंडून ऐकताना मलाही वाटलं की मजा आली असावी. खाट, सतरंजी, मॅनेजर, सगळं त्यात होतं. फक्त दोन धोटे नव्हते. हळूहळू आमच्या भागात कोणी काही विसरलं की "नत्थूजीचा धोटा झाला" असं म्हणू लागले. रुपराव त्यानंतरही पाच वर्षं फिरत होता, माल मीच बांधत होतो, आणि रिक्षात बसताना तो दरवेळी सगळ्यांसमोर विचारायचा, "धोटा ठेवला ना गा नत्थू?" गल्ली हसायची. तो प्रेमानं म्हणायचा, हे मला कळत होतं. तरी प्रत्येक वेळी मला तो कोनाडा आठवायचा. अठरा वर्षांत सुई विसरलो नाही, आणि नाव झालं ते विसरभोळा म्हणून.

गेल्या पौषात रुपराव गेला. घाटावर इतकी माणसं होती की मला मागेच उभं राहावं लागलं. मी मनात मोजत होतो की माझ्या वेळी यातली किती येतील. असं मनात यायला नको होतं, पण आलं.

हे लिहायचं ठरवल्यावर मी आधी पुष्पलतावहिनींकडे गेलो. रुपरावनं कोणाला सांगू नको म्हटलं होतं. त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हतं. मी कसंबसं सांगितलं की दिल्लीत त्याचा हात चालला नाही.

वहिनी म्हणाल्या, "मले नाई मालूम काय? तुमाले भिंतीतून आवाज याचा तो माहा होता. ते फिरतीवर असो का घरी असो. त्यायले बोलाचं काम, मले विणाचं. लेहा तुमी. ते आता कुठं लाजाले येते?"

तो फिरतीवर असताना माग वहिनी चालवतात हे मला माहीत होतं, तो घरी असतानाही त्याच चालवतात हे नव्हतं. इतकी वर्षं मी भिंतीला कान लावून ज्याच्या हाताशी माझा हात ताडून पाहिला, तो रुपरावचा हात नव्हताच. मी उठता उठता त्यांना धोट्याचंही सांगितलं, की मी मुद्दाम ठेवला होता. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. अगदी रुपरावसारख्या. "तुमी? जा बाप्पा, नत्थूभाऊ!"

घरी येऊन मी गोपिकाला म्हटलं, "तूनं तरी पायला होता ना तो धोटा? कोनाड्यात?"

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पायला होता."

"अन तुले काय वाटलं? इसरलो?"

"तुमच्या हातानं काई इसरते का?" ती म्हणाली. "मले तवाच समजलं होतं. पण तुमी राहून गेला म्हटलं, मी हाव म्हटलं."

मी उठून तिची पेटी उघडली. साबणाच्या वड्या लुगड्यांखाली ओळीनं होत्या. कागद पिवळे पडले होते, वास जवळजवळ गेला होता. सगळ्या सारख्याच. मी विचारलं, "याच्यातली माही कोणती? भोपाळची?"

"तुमची नाई त्याच्यात."

"म्हणजे?"

"भाऊजीच्या ठेवल्या. तुमची मी आंगाले लावली. आणली त्याच आठवड्यात."

मी पेटी बंद केली. हे तिनं खरं सांगितलं की माझं मन राखलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. भैय्याजींना विनंती एवढीच, की किस्सा छापायचा असेल तर असा छापावा. मी धोटा विसरलो नव्हतो.